बुधाजी घरतची साक्ष

बुधाजी घरतला वाट विचारायची सोय नव्हती. पनवेलच्या बाजारात मिठाची गाडी लावून तो उभा असला आणि परगावच्या कोणी "कोर्ट कुठं आलं हो?" असं विचारलं, की बुधाजी आधी त्याचं गाव विचारायचा. मग त्या गावात आपली मावशी कशी दिली होती ते सांगायचा, मग मावशीच्या सासऱ्याने खाडीला घातलेल्या बांधाची हकीकत यायची, आणि रस्ता सांगून होईपर्यंत त्या बिचाऱ्याच्या नावाचा पुकारा होऊन गेलेला असायचा. मी दिनानाथ वकिलांचा कारकून. माझा दिवस मोजकं बोलणाऱ्या, नाही तर मोजूनमापून खोटं बोलणाऱ्या माणसांत जाई. त्यामुळे बुधाजी लांबून दिसला की मी रस्त्याची बाजू बदलायचो. माणूस लाखातला, पण त्याचं ऐकायला दिवस मोकळा पाहिजे.

तो गव्हाणचा. बापापासून मिठागरावर काम. पुढे स्वतःची बैलगाडी झाली, तेव्हा तिकडचं मीठ पनवेलला आणून विकायला लागला. मिठागरावरच्या लोकांचं आणि पाण्याचं काय नातं असतं ते आपल्यासारख्यांना कळायचं नाही. चहूकडे पाणी, आणि पिण्याजोगा घोट नाही. बायका लांबून हंडे आणणार, तेही उन्हाळ्यात मचूळ. म्हणून त्यांच्याकडे एखाद्या घराचं कौतुक करायचं तर तिथे पंगतीला काय वाढलं हे कोणी सांगत नसे. न मागता गोडं पाणी दिलं, एवढं म्हटलं की त्या घराचा मोठेपणा सांगून झाला. याच्या पलीकडे कौतुक नाही.

असं एक घर पनवेलात होतं. मोहल्ल्यातल्या जैनुद्दीन मुकादमांचं. मुकादम एके काळी मिठागराचं काम बघायचे आणि बुधाजीचा बाप त्यांच्या हाताखाली होता. घराच्या अंगणात विहीर, तिला रहाट, आणि पाणी असं की मिठाचा प्रत्येक गाडीवान बाजारात जाण्याआधी तिथे थांबायचाच. मुकादम वारले. मुलगा शर्फुद्दीन आधी बोटीवर होता, मग मुंबईत राहिला. मुलगी रहिमतबी, तिला मूलबाळ नाही, नवरा गेल्यावर बापाच्या घरी परत आली आणि तिथेच राहिली. गाडीवानांना पाणी द्यायची रीत बापामागे रहिमतबींनी चालवली. बुधाजी त्यांना आपा म्हणायचा आणि सख्ख्या बहिणीशी बोलावं तसा अरे-तुरेत बोलायचा.

घराची वाटणी झालेली नव्हती. कायद्याने भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक, पण सगळं सामाईक. शर्फुद्दीनच्या मनात आपला वाटा विकायचा आहे, ही कुणकुण मोहल्ल्यात सगळ्यांना होती. मुंबईचा एक लाकडाचा व्यापारी, वलीमहमद शेठ, दोनदा येऊन अंगण बघून गेला होता. त्याला तिथे वखार घालायची होती.

मुसलमानी कायद्यात एक हक्क आहे, त्याला शुफा म्हणतात. सामाईक घरातल्या एका भागीदाराने आपला वाटा तिऱ्हाइताला विकला, तर दुसऱ्या भागीदाराला म्हणता येतं, तीच किंमत मी देतो, वाटा मला द्या. घरात परका माणूस घुसू नये एवढाच त्यामागचा हेतू, आणि हेतू चांगला आहे. पण हा हक्क भारी नाजूक. विक्रीची बातमी कानावर पडली की त्याच जागी, लगेच, स्पष्ट शब्दांत मागणी करावी लागते. जरा विचार करतो म्हणालात, हक्क गेला. विक्री होण्याआधी मागून उपयोग नाही आणि झाल्यावर रेंगाळून उपयोग नाही. ही पहिली मागणी वेळेवर झाली, तरच पुढे साक्षीदार घेऊन दुसरी मागणी आणि मग कोर्ट. मोहल्ल्यातल्या काझींनी हे सगळं रहिमतबींना नीट समजावून ठेवलं होतं. आईकडून आलेलं शेत विकून त्यांनी पैशाचीही तजवीज केली होती. त्यांना एवढंच हवं होतं की मरेपर्यंत त्या अंगणात आपला पाय असावा.

वैशाखात कधीतरी शर्फुद्दीन मुंबईहून आला, बहिणीच्या घरी न जाता परस्पर कचेरीत गेला आणि खरेदीखत करून मोकळा झाला. बुधाजी तेव्हा कचेरीच्या रस्त्यावर मीठ मापत होता. त्याला कळलं तसा माप टाकून, बैल तसेच उभे ठेवून तो मोहल्ल्याकडे सुटला. रहिमतबींना विक्रीची बातमी त्याने दिली, त्यांनी मागणी केली, आणि ती ऐकायला बुधाजीशिवाय दुसरं कोणी नव्हतं. दोन दिवसांनी आमच्या ऑफिसात येऊन दोघांनी आम्हाला सांगितलं ते इतकंच.

पुढचं सगळं दिनानाथ वकिलांनी चोख केलं. दोन साक्षीदार उभे करून अंगणात दुसरी मागणी केली, मुदतीत दावा लावला. साक्षीच्या आधी त्यांनी बुधाजीला ऑफिसात बोलावून घ्यायला सांगितलं, तेव्हा रहिमतबी मध्ये पडल्या.

"त्याला काही शिकवू नका, वकीलसाहेब. बुधाजी खोटं बोलायचा नाही."

"खोटं बोलायला कोण शिकवतंय, बाई?" वकीलसाहेब म्हणाले. "मला त्याला कमी बोलायला शिकवायचंय."

पण त्या ऐकेनात. सच्च्या माणसाला शिकवून उभा केला तर आपल्या दाव्यालाच डाग लागेल, असं त्यांचं म्हणणं. वकीलसाहेबांनी हात जोडले आणि विषय सोडला.

कोर्टात आधी वकिलांचं शास्त्र झालं. कोकणात हा हक्क चालतो की नाही, कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात शेजाऱ्याला तो नाही पण भागीदाराला आहे, अशी बरीच पुस्तकं निघाली. ते सगळं आमच्या बाजूने जात होतं. रहिमतबींची जबानी झाली. बातमी ऐकली आणि मागणी केली, हेच त्यांनी सांगितलं, आणि समोरच्या वकिलाला त्यात बोट घालायला जागा सापडली नाही. मग बुधाजी उभा राहिला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि चेहऱ्यावर आपल्या आपाचं कल्याण करायला आल्याचा आनंद.

शेठचा वकील ठाण्याहून आणलेला होता. गोड बोलणारा.

"बातमी ऐकून बाईंना धक्का बसला असेल, नाही?"

"बसंल नाय तर काय! सख्खा भाव तो."

"रडल्या असतील."

इथे दुसऱ्या कोणीही नाही म्हटलं असतं आणि गप्प राहिला असता. बुधाजी ताठ झाला.

"आपा रडनारी नाय, सायेब. आपाचं काळीज मोठं हाय. मी घर गेल्याची खबर सांगितली, तरी पयलं मला पानी दिलं. बाकीचं मंग."

आमचे वकीलसाहेब खोकले. बुधाजीला वाटलं त्यांना खोकला झालाय.

"पहिलं पाणी," ठाण्याचा वकील अगदी मायेने म्हणाला. "हंड्यातलं दिलं असेल."

"हंड्यातलं कशाला? ताजं! रहाट फिरवून काढलं. मी म्हनलो, आपा, ऱ्हाऊ दे. तर म्हनली, उन्हाचा आलास, शिळं नको."

"वा! आणि नुसतं पाणी?"

"नुसतं कसं देल? गूळ दिला. गूळ आत फडताळात वरती असतो. आत गेली, पाट लावला, वर चढली, डबा काढला." मग तो वळून न्यायाधीशांना म्हणाला, "सायेब, असं मानूस आख्ख्या पनवेलात नाय."

ठाण्याचा वकील खाली बसला. त्याला पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. मी रहिमतबींकडे पाहिलं. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. बुधाजी पिंजऱ्यातून उतरून थेट माझ्याकडे आला आणि कानाशी लागला, "झ्याक झाली ना?" मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो.

निकाल आला तो असा. हक्क मान्य. भागीदारी मान्य. दुसरी मागणी मान्य. पण बातमी कळल्यावर बाईंनी विहिरीचं पाणी काढलं, घरात जाऊन गूळ आणला, पाहुण्याचं आतिथ्य केलं आणि मग मागणी केली. तेवढ्या वेळात हक्क संपला होता. आणि ही गोष्ट शाबीत झाली होती ती आमच्याच साक्षीदाराच्या तोंडून.

बुधाजीला निकाल समजावायचं काम वकीलसाहेबांनी स्वतः केलं. तो ऑफिसात उंबऱ्याच्या आत उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही.

"पन मी खोटं काय बोललो?"

"काही नाही."

"मंग पानी दिलं ते वंगाळ झालं?"

"पाणी दिलं ते चांगलंच केलं. पण ते तू तिथे सांगायचं नव्हतंस. तुला कोणी विचारलं नव्हतं."

बुधाजीने टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजे मी नसतो बोललो तर?"

वकीलसाहेब एरवी मायाळू माणूस. पण हातातला दावा गेल्याचा राग त्यांच्याही मनात होता. ते म्हणाले, "तर घर राहिलं असतं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बुधाजी काही न बोलता बाहेर पडला. त्याला मी पहिल्यांदाच काही न बोलता जाताना पाहिलं.

त्यानंतर बुधाजीचं बोलणं गेलं. मुका झाला असं नाही. विचारलं तर उत्तर द्यायचा, पण हो किंवा नाही. मिठाचा भाव विचारला तर भाव सांगायचा आणि तोंड मिटायचा. बाजारातले गाडीवान आधी हसले. "बुधाजी साक्षीत उभा हाय रं," असं म्हणून त्याला उगाच प्रश्न विचारायचे. मग त्यांनाही कंटाळा आला. त्याची बायको जनी एकदा मीठ घेऊन आली तेव्हा माझ्यापाशी रडली. "घर इकलं त्यांच्या भावानं, निकाल दिला कोर्टानं, नि कुलूप लागलं ते आमच्या मानसाच्या तोंडाला. घरात पोरांसंगती बोलत नाय. जेवताना मधीच हात थांबतो त्यांचा. म्हनतात, मी आपाचं घर खाल्लं."

आणखी एक खूळ त्याला लागलं. माल विकून झाला की तो कोर्टाच्या आवारात येऊन बसायचा. साक्षीला आलेली गावाकडची माणसं हेरायची, आणि जवळ जाऊन दबक्या आवाजात सांगायचं, "इचारतील तेवढंच बोल. जास्त एक शब्द नको. कुनाचं कवतिक तर मुळीच नको." लोकांना वाटे, हा कोणाचा तरी दलाल आहे. भगवान पट्टेवाल्याने त्याला दोनदा हाकललं. पुढे भगवानलाच त्याची दया आली आणि त्याने त्याला पिंपळाखाली बसू दिलं. मला मात्र त्याला तिथे बघून चीड यायची. अरे, तुझा अपराध तो केवढा, आणि त्याची शिक्षा तू किती वर्षं भोगणार? पण हे त्याला सांगणार कसं? तो पुढे विचारणार, "अपराध हाय ना पन?" आणि त्यावर मी हो म्हणू की नाही?

रहिमतबींचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं, कारण ते कागद आमच्याच ऑफिसात झाले. शेठने वाटणी मागितली. वाटणीत विहीर आणि पुढचं दार त्याच्याकडे जाणार, रहिमतबींना मागच्या दोन अंधाऱ्या खोल्या आणि शेजारून गोठ्याची वाट. त्या म्हणाल्या, असं राहण्यापेक्षा नको. आपला तिसरा हिस्साही त्यांनी शेठलाच देऊन टाकला आणि आमच्या आळीत भाड्याने खोली घेतली. सही झाल्यावर त्यांनी मला शपथ घातली.

"हे बुधाजीला कधी सांगायचं नाही. त्याला सांगा, वाटा माझाच आहे, भाड्याने दिलाय. नाही तर तो हेही डोक्यावर घेईल."

बुधाजी दर मोसमाला त्यांच्याकडे यायचा. मीठ, सुकट, पावट्याच्या शेंगा. कौलं शाकारून द्यायचा. ओट्यावर टेकायचा, पण त्यांच्या हातचं काही घ्यायचा नाही. तेवढा एक प्रश्न मात्र आपणहून विचारायचा. "वाटा हाय ना तुजा?" आणि त्या म्हणायच्या, "आहे रे." वाटा विकल्याची गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. पण जो कोणाशी बोलत नाही त्याला कोणी काही सांगतही नाही.

एकदा त्यांनी त्याच्या मनावरचं ओझं उतरवायचा प्रयत्न केला. मी तिथेच होतो.

"बुधाजी, ऐक. ते पाणी मी तुझ्यासाठी नव्हतं काढलं. मागणी करायची म्हणजे शर्फूच्या विरुद्ध उभं राहायचं. लहानपणी माझ्या कडेवर होता तो. माझं मन होईना. रहाट फिरवत होते नि मनात म्हणत होते, बोलू का नको, बोलू का नको. उशीर मी केला. तू नाही."

बुधाजीने ऐकून घेतलं. "मला बरं वाटावं म्हनून सांगतेस, आपा," एवढंच बोलला आणि कौलं बघायला शिडीवर चढला. त्या खरं सांगत होत्या. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. पण त्याचा कोणत्याही खऱ्यावर विश्वास उरला नव्हता.

अशी दहा-एक वर्षं गेली. शेठ वारला. मुलांना पनवेलची वखार नको होती, त्यांनी ते घर एका कंत्राटदाराला विकलं. खत झालं त्या दिवशी बुधाजी नेहमीसारखा पिंपळाखाली होता आणि त्याला ते कळलं. मला कळलं होतं त्याच्या आधी, पण मला त्यात कोणाला सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मी दुपारच्या चहाला घरी आलो होतो आणि रहिमतबींच्या ओट्यावर त्यांच्याशी दोन शब्द बोलत उभा होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. तेवढ्यात आळीच्या टोकाकडून ओरडा आला. एवढ्या मोठ्याने बोलताना त्याला कित्येक वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो बुधाजी आहे हे मला आधी ओळखूच आलं नाही.

"आपा! हलू नको! आत जाऊ नको! हाय तितंच ऱ्हा!"

म्हातारा धावत होता. टोपी कुठे पडली होती कोण जाणे. पायांत वहाणा नव्हत्या. आळीतल्या बायका दारात आल्या. तो ओट्यापाशी आला आणि दोन्ही हातांनी खांब धरून उभा राहिला, त्याला श्वास घेता येईना.

"शेठच्या पोरांनी इकला. तेंचा वाटा इकला. आताच. आपा, बोल. काय करू नको. पयलं बोल."

मी रहिमतबींकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या सांगतील. दुसरं काय करणार? ज्याचा वाटाच नाही त्याला कसला शुफा? त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं नाही, तशाच उठल्या, तांदूळ सगळा ओट्यावर सांडला. आणि खणखणीत आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलल्या.

"मी रहिमतबी, जैनुद्दीन मुकादमांची मुलगी. माझ्या बापाच्या घरातला तो वाटा मी माझ्या हक्काने मागते. मी मागितला आहे, आणि आताही मागते."

बुधाजी माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

"भाऊसायेब, तुमी साक्षी. ऐकलंत ना? लगीच बोलली ना?"

"लगेच."

"मधी काय झालं नाय ना?"

"काही नाही."

"मंग चला. वकीलसायबांकडं चला."

मी जागचा हललो नाही. रहिमतबीही हलल्या नाहीत. बायका दारादारात तशाच उभ्या होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बुधाजी बोलका होता तेव्हाही खुळा नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आपा, तुजा वाटा हाय ना तितं?"

"नाही, बुधाजी."

"कदीपास्नं?"

"त्या निकालानंतर लगेच. मी तुला खोटं सांगत आले."

तो खांबाला धरून हळूहळू पायरीवर बसला. धापा अजून थांबल्या नव्हत्या.

"मंग आता बोललीस कशाला?"

रहिमतबी त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"तू एवढा धावत आलास," त्या म्हणाल्या. "एकदा तरी मला वेळेवर बोलू दे की."